बंबवाल्यांचे डोळे

"रडूबाई म्हणतायत तुम्हाला," मुलीने फोन समोर धरला. "सकाळपासून सगळ्या शहरात हाच फोटो फिरतोय."

बंबवाल्यांनी चष्मा लावून पाहिलं. आदल्या दिवशी ते आग लागलेल्या वस्तीत गेले होते. फोटोत ते एका म्हातारीपुढे उकिडवे बसले होते आणि त्यांच्या दोन्ही गालांवर पाण्याचे ओघळ होते.

तीस वर्षं अग्निशमन दलात काढली म्हणून त्यांना सगळे बंबवाले म्हणत. निवृत्त झाले तशी लोकांनी गळ घातली आणि ते नगराध्यक्षपदाला उभे राहिले. प्रचाराची सूत्रं मुलीच्या हातात होती.

"बाबा," तिचा आवाज एकदम मऊ झाला, "तुम्हाला रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं."

त्यात टोमणा नव्हता. आई गेली तेव्हा घरातलं एकेक माणूस कोसळलं होतं आणि हे कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याला खुर्च्या देत होते. त्यावर बापलेकीत कधी शब्द निघाला नाही, पण विसर तिलाही पडला नव्हता.

"रडतोय कुठला!" ते म्हणाले. "निरोपसमारंभात असंच झालं होतं. दलाचे डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं धूर खाल्लाय, अश्रूंची नळी तुंबली असेल. थेंब दिलेत त्यांनी."

"हो का," ती म्हणाली आणि फोन उचलून आत गेली.

विरोधी उमेदवाराने संधी सोडली नाही. "ज्याला स्वतःचे डोळे आवरत नाहीत, तो शहर काय आवरणार?" असं तो सभेसभेत विचारू लागला. त्याचे कार्यकर्ते बंबवाल्यांच्या दारावरून रुमाल हलवत गेले.

तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. त्या म्हातारीने बातमीदाराला सांगितलं, "पुढारी येतात, घड्याळ बघतात, जातात. हा माणूस माझ्यासाठी रडला." झालं! सभांना पाय ठेवायला जागा मिळेना. छापखान्यातून तोच फोटो भिंतीएवढा होऊन आला. शेवटी विरोधकही दवाखान्यातल्या रुग्णांपुढे डोळ्यांना रुमाल लावू लागला. रुमाल इतका कोरडा, की एकाने त्याला डोळ्यांत काही गेलं का म्हणून विचारलं.

बंबवाल्यांना मात्र घास गोड लागेना. कुणी मेलेल्या लेकाबद्दल सांगायचं, कुणी बंद पडलेल्या गिरणीबद्दल, आणि यांचे डोळे वाहायचे. लोक हात धरायचे. ते अंग चोरून बसायचे. थेंबांची बाटली घरी कपाटात तशीच पडून होती. घरात कधी त्रासच होत नव्हता, मग आठवणार कोण?

"ही फसवणूक आहे," एका दुपारी ते मुलीला म्हणाले.

"तुम्ही एक शब्द तरी खोटा बोललात का? कुणी विचारलंय तुम्हाला?"

"धूर दिसला नाही म्हणजे आग नसते असं नाही, बाळा."

"चार दिवस राहिलेत, बाबा. तोंडाशी आलेला घास आहे."

"तोच घशाखाली उतरत नाही."

शेवटच्या सभेला मैदान फुलून गेलं होतं. मुलीने लिहून दिलेला कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

"त्या मोठ्या फोटोत दिसतंय ते रडू नाही," ते म्हणाले. "धुराने माझी नळी तुंबली आहे, म्हणून पाणी येतं. मला रडू येत नाही. माझी बायको गेली तेव्हाही आलं नाही. रडणारा माणूस हवा असेल, तर मला मत देऊ नका. बंब आत शिरेल एवढे रस्ते हवे असतील, आग लागण्याआधी नळाला पाणी हवं असेल, तर मी आहे."

कडेला उभ्या मुलीने मान खाली घातली. चौदा महिन्यांची मेहनत बापाने चार वाक्यांत पाण्यात घातली होती.

मग पहिल्या रांगेतून ती म्हातारी काठी टेकत उठली.

"काय रे, त्या दिवशी माझ्यापाशी दोन तास बसला होतास की नव्हतास?"

"बसलो होतो, मावशी."

"मग नळीचं मला काय सांगतोस!"

आधी एक हसला, मग दहा हसले, मग टाळ्यांनी मांडव हलला.

ते निवडून आले. मताधिक्य फार नव्हतं, तीनशेच्या आतबाहेर. पण विरोधकाने स्वतः फोन करून अभिनंदन केलं आणि या खेपेला त्याचा आवाज खरंच घोगरा होता.

पुढच्याच आठवड्यात मुलीने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "शहरातल्या तुंबलेल्या नळ्यांपासूनच सुरुवात करायची ना," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती त्यांची थट्टा करत होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी काहीच ठरवलं नाही. बंबवाल्यांना खुर्चीत मागे रेलायला लावलं, डोळ्यांत बधिरतेचं औषध घातलं आणि पिचकारीला बोथट सुई लावली.

"कोपऱ्यातल्या छिद्रातून थोडं मिठाचं पाणी सोडते," त्या म्हणाल्या. "नळी तुंबली असेल, तर ते डोळ्यातूनच परत येईल. मोकळी असेल, तर घशात उतरेल. काय होतं ते मला सांगा. आधी उजवा, मग डावा."

मुलीने त्यांचा हात हातात घेतला. बंबवाले छताकडे बघत राहिले.

दोन्ही वेळा त्यांच्या घशाला खारट लागलं.