पहिला फोन

देवळीच्या रुख्माबाईची सून रूपाली विलायतेत जुनी लढाऊ विमानं उडवायला शिकत होती. महायुद्धातलं ते विमान, बसायला एकच जागा, इंजिन असं दांडगं की जरा हात चुकला तर आडवंच करायचं. उतरताना समोरची धावपट्टीसुद्धा दिसत नसे. म्हणून सून खाली उतरल्याचं कळेपर्यंत रुख्माबाई तोंडात पाणी घेत नसे.

पण उतरली की रूपालीचा पहिला फोन आपल्या आईला, समुद्रपूरला. मग विहीणबाई गोड आवाजात कळवायच्या, "उतरली बरं आपली रूपाली. घ्या आता जेवून."

"उपास मी करू, अन् खबर पहिले तिले!" रुख्माबाई नवऱ्याजवळ धुसफुसायची.

"अवं, माय आहे ते तिची," नत्थूजी हसायचे.

"मंग मी कोण हो?"

आज दिवा लावताना रोजचं 'सुखरूप उतरू दे' तिच्या तोंडी आलंच नाही. "देवा, आज पहिला फोन मले येऊ दे," एवढंच ती म्हणाली.

दुपारी फोन वाजला. रूपालीच होती.

 

"आई, उतरताना विमान उलटलं, मी दवाखान्यात आहो, माह्या मायले सांगू नका, तिच्यानं सोसवणार नाई."