पाठ केलेला जबाब

"पुन्हा एकदा. पहिल्यापासून," वकीलबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरनं घसा खाकरला. एवढी मऊ खुर्ची त्याच्या वाट्याला सहसा येत नसे, म्हणून तो अगदी कडेला बसला होता. "गाडी मी चालवत होतो. छोटे साहेब मागे झोपले होते. रात्रभर मी पार्टीच्या बाहेर गाडीतच थांबलो होतो. पहाटे परत येताना माझा डोळा लागला. सायकलवाला दिसला तोवर उशीर झाला होता."

"ठीक आहे, पण पाढे म्हटल्यासारखं नको. खरं बोलणारा माणूस थोडा अडखळतो."

"हो, बाई."

"आणि रात्रभर जागरणाचा मुद्दा सोडू नका. तो मला काल सुचला. कुणालाही पटेल असा आहे."

समोर मालक बसले होते. अकरा वर्षांत त्यांनी ड्रायव्हरला कधी चहाचं विचारलं नव्हतं, आज दोनदा विचारलं. अडला हरी म्हणतात तो हाच, आणि गाढव कोण ते सांगायला नको.

चार दिवसांपूर्वी पहाटे ड्रायव्हरनं रस्त्यावरून दोन फोन केले होते. पहिला रुग्णवाहिकेला, दुसरा मालकांना. बंगला जवळच होता, त्यामुळे मालक रुग्णवाहिकेच्या आधी पोचले. मुलगा स्टिअरिंगमागे मान टाकून पडला होता आणि गाडीत दारूचा भपकारा होता. "गाडी कोण..." एवढंच मालक म्हणाले. ड्रायव्हर खाली मान घालून उभा राहिला.

पुढचं सगळं मालकांनीच ठरवलं. पोराला दुसऱ्या गाडीत घालून घरी पाठवलं आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू अंगावर घे. शहरातला सगळ्यात चांगला वकील देतो. तुझ्या घरची काळजी माझी."

शब्दाला ते जागले. वकीलबाईंनी ड्रायव्हरला त्याच दिवशी जामिनावर सोडवलं. उद्या पोलिसांपुढे सविस्तर जबाब व्हायचा होता.

"तो सायकलवाला कसा आहे?" ड्रायव्हरनं विचारलं. हे त्यानं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"वाचेल. दोन्ही पाय मोडलेत. साहेबांनी त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलंय. तो म्हणतो, फक्त दिवे दिसले. आत कोण होतं ते त्यानं पाहिलेलं नाही."

ड्रायव्हरनं सुस्कारा सोडला. तरी डोळ्यांपुढे त्याचा साडू येत होता. साडूही ड्रायव्हरच. तीन वर्षांपूर्वी त्याच्या गाडीखाली एक माणूस आला. त्याच्या मालकांनी दुसऱ्याच दिवशी नवा ड्रायव्हर ठेवला आणि पोलिसांना सांगितलं, हा माणूस तसा बेफिकीरच होता. सरकारनं दिलेल्या वकिलाचं तोंड साडूनं दोनदा पाहिलं. तो अजून आतच आहे.

सकाळी निघताना बायकोनं ड्रायव्हरची वाट अडवली होती. "पाप त्यांच्या पोराचं आणि भोगायचं आपण? तुम्हाला तोंड नाही का? खरं काय ते सांगून मोकळे व्हा!"

"हळू बोल. खरं सांगणाऱ्याला एवढा मोठा वकील कोण देतं?"

ती रडायला लागली. सोळा वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. आज मात्र तो तिच्याकडे न बघताच बाहेर पडला.

वकीलबाईंनी फाइल मिटली. "आता भीती एकच. मुलाला त्या पहाटेचं काही आठवत नाही म्हणता. उद्या आठवलं आणि तो कुठे बोलून बसला, तर सगळंच मुसळ केरात."

ड्रायव्हरनं हातातला कप न पिताच खाली ठेवला.

नेमका तेव्हाच दार उघडून मुलगा आत आला. चार दिवसांत पार उतरला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. वडिलांकडे न पाहता तो थेट ड्रायव्हरसमोर येऊन उभा राहिला.

"काका, मला आठवायला लागलंय."

"गप्प बस!" मालक ओरडले.

मोठ्या कष्टानं ड्रायव्हरनं विचारलं, "काय आठवतंय, छोटे साहेब?"

"मी किल्ली मागितली. तुम्ही नाही म्हणालात, मागे झोपा म्हणालात. मी ऐकलं नाही. तुमच्या हातातून हिसकावून घेतली मी!" त्याचा आवाज फुटला. "रोज थोडं थोडं आठवतंय. मी उद्या पोलिसांकडे जातो, काका. माझ्यामुळे तुम्ही कशाला आत जायचं?"

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळे ड्रायव्हरकडे बघत होते. अकरा वर्षांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"नको," ड्रायव्हर उठला. "तुमचं अख्खं आयुष्य पडलंय पुढे. मी जबाब देणार आहे आणि त्यात बदल नाही. तुम्ही कुणाकडे एक अक्षर बोलायचं नाही. शपथ आहे तुम्हाला माझी."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मालकांनी, ज्यांनी आजवर त्याला नावानंसुद्धा क्वचितच हाक मारली होती, त्याच्यापुढे हात जोडले. पोरगं त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागलं.

ड्रायव्हर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आपली स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. त्या पहाटे हे पोरगं मागच्या सीटवर पोटाशी पाय घेऊन गाढ झोपलं होतं. गाडी धडकली तेव्हा ते जागं झालं नाही, आणि काखेत हात घालून ड्रायव्हरनं त्याला ओढत पुढे नेऊन स्टिअरिंगमागे बसवलं, तेव्हाही नाही.