लॅटिनवर मारलेली काट

मार्लिसने 'लॅटिन' या शब्दावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला होता. नववी ते बारावी, चार रकाने, सगळे तिच्या हातचे. लॅटिनच्या जागी तिने लिहिलं, पाव भाजणं आणि शिवण. तर्कशास्त्र आणि वक्तृत्व सकाळीच गेलं होतं. लॅटिनच येत नाही, तर पुढचं काय डोंबल येणार?

समोर ज्युनिया बसली होती, तिची चौदा वर्षांची मुलगी. ज्युनियाला कॉलेजात जाऊन प्राचीन भाषा शिकायच्या होत्या, आणि घरच्या शाळेत कॉलेजला जाणारी गुणपत्रिका आईच लिहिते. त्या एका रेघेने आपलं काय गेलं, हे पोरीला नीट कळलं होतं.

"आई, अजून एक वर्ष दे ना."

"कशाला? शंभरातले पस्तीस काढायला? दोन वर्षं पालथ्या घड्यावर पाणी घातलं मी."

मार्लिसचं बोलणं हे असं. गावातल्या सरकारी शाळेला ती कोंडवाडा म्हणे. मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती आयांचा गट दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात जमे, तिथे ती त्या शाळेतल्या शिक्षकांची लाज काढी. स्वतः तिला लॅटिनचं ओ का ठो येत नव्हतं. उत्तरांचं पुस्तक शेजारी उघडून ती एकेक शब्द जुळवून बघे. जुळला तर बरोबर, नाही तर लाल फुली. एवढ्या भांडवलावर बाई अमेरिकेतल्या इडाहो राज्यभर अभिजात शिक्षणाचा झेंडा मिरवत होत्या.

दार वाजलं. गटातली डोरीन आली होती. ज्युनियाला आता लागणार नसलेली लॅटिनची पुस्तकं ती आपल्या मुलासाठी न्यायला आली होती.

"घेऊन जा बाई," मार्लिस म्हणाली. "तुझ्याकडे निदान डोक्यात काही शिरणारं पोर आहे."

ज्युनियाने मान खाली घातली नाही. डोरीनने मात्र घातली. जुनी पुस्तकं घेणाऱ्या आया करतात तसं तिने दोन्ही पुस्तकांचं पहिलं पान उलटून आवृत्ती बघितली, आणि मग परत एकदा बघितली.

"मार्लिस, अगं, हे जुळत नाहीत. धड्यांचं पुस्तक तिसऱ्या आवृत्तीचं आणि उत्तरांचं दुसऱ्या. तिसऱ्या आवृत्तीत निम्म्याहून जास्त स्वाध्याय बदललेत." तिने वर बघितलं. "मग दोन वर्षं तू तपासलंस तरी काय?"

मार्लिसचा चेहरा लालबुंद झाला. अशा माणसांना लाज वाटली की ती दुसऱ्यावर ओरडतात. ती मुलीकडे वळली.

"तुला माहीत होतं हे?"

"ऑक्टोबरपासून."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"सांगायला आले होते. तू म्हणालीस, आधी आईवडिलांचा मान राखायला शीक."

"मग उत्तरांच्या पुस्तकातलं बघून लिहायचं. कपाटाला काय कुलूप होतं?"

"ती उत्तरं माझ्या प्रश्नांची नव्हती, आई."

मार्लिसने खोडरबर उचललं. "बरं, चार शब्द इकडचे तिकडे झाले असतील. त्याचं एवढं काय? खरोखरच मोडकंतोडकं लिहिलेलं मला कळतंच की. इतकी वर्षं शिकवतेय मी."

ज्युनिया उठली. फळीवरून तिने आपली वही काढली, नोव्हेंबरचं पान उघडलं आणि दोघींच्या मध्ये ठेवली.

"त्या दिवशी मी स्वाध्याय सोडवलाच नव्हता," ती म्हणाली. "रोज न्याहारीच्या आधी तू आमच्याकडून म्हणून घेतेस ना, ते बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र लॅटिनमध्ये लिहिलं होतं. तू ओळखतेस का, बघत होते."

डोरीनने वही जवळ ओढली. अख्ख्या स्तोत्रावर लाल फुली होती. कोपऱ्यात शून्य, आणि खाली मार्लिसच्या सुबक अक्षरात दोनच शब्द: निव्वळ बडबड.