सूनबाईची भीती

अंगणातली दोरी थरथरली आणि तिच्यावरची ओली चादर घसरून मातीत पडली. सासूबाईंनी खाणीच्या दिशेला एक शिवी हासडली आणि घराकडे तोंड करून ओरडल्या, "सूनबाई, कपाट धर गं!"

"धरलंय, आई!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

हादरा थांबला. सासूबाई स्वतःशीच हसल्या आणि चादर पुन्हा धुवायला नळाखाली बसल्या.

खाणीत रोज दुपारी सुरुंग उडे. आधी भोंगा व्हायचा, पण वारा उलटा असला की तो ऐकूच येत नसे. मग एकदम घरं हलत, आणि गावातल्या बायका उठून कपबशांच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहत. कप फुटू नयेत म्हणून, एवढंच. चालू गप्पासुद्धा थांबत नसत. त्यातून सुरुंग लावणारा सासूबाईंचाच मुलगा. "आपल्याकडे जमीन हलत नाही," त्या ऐटीत सांगत. "हललीच तर आमचा लेक हलवतो!"

सूनबाई मात्र डोंगरापलीकडच्या मुलखातली. लहानपणी भूकंपात तिची शाळा तिच्या डोळ्यांदेखत कोसळली होती. लग्न होऊन आली त्याच दुपारी घर हललं आणि नवी नवरी हातातलं ताट टाकून अनवाणी थेट रस्त्यावर. अख्खी गल्ली पोट धरून हसली. तिला 'धावपटू' हे नाव पडलं ते पडलंच. बाळ झाल्यावर तर विचारूच नका. ओली बाळंतीण, पण सुरुंग उडाला की बाळाला छातीशी धरून अंगणात हजर. दगडी घरावर नवा मजला चढत होता, तेव्हा भिंतींत सळया घातल्यात का, असं तिने गवंड्याला विचारलं.

"अगं, खडकावरचं गाव आहे हे," सासूबाई म्हणाल्या. "इथे कुठला आलाय भूकंप? कशाला तो बागुलबुवा!"

पण बाई मनाने चांगली. पोरीचा जीव रोज असा टांगणीला लागतो, हे त्यांना बघवेना. तिची भीती घालवायचा त्यांनी विडाच उचलला. आधी त्या तिचा दंड धरून ठेवत. मग त्यांना थट्टेचं औषध सापडलं. घर हललं रे हललं की त्याच बोंब ठोकत, "भूकंप! भूकंप! पळ, सूनबाई!" सूनबाई दारापर्यंत धावे आणि ओशाळून परत येई. हळूहळू दारापर्यंतही जाईनाशी झाली. हल्ली तर बाळाला कडेवर घेऊन, कपाटाला टेकून तीच खो-खो हसे. सासूबाईंना वाटे, सुनेचे लाड केले, बाळंतपण केलं, पण खरं काम केलं ते हे.

चादर पिळून होते न होते तोच फाटक धाडकन उघडलं. मुलगा धापा टाकत आत आला.

"काय रे, आज केवढा मोठा बार उडवलास?" सासूबाई म्हणाल्या. "धुतलेली चादर मातीत गेली माझी."

मुलाने मान हलवली. "आई, आज सुरुंग लावलाच नाही. यंत्र बंद पडलंय. सकाळपासून आम्ही नुसते हातावर हात धरून बसलोय."

सासूबाईंना शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. चादर हातातून कधी गळाली, तेही त्यांना समजलं नाही.

मग जमीन पुन्हा हलली. या वेळी ती थांबेना. वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातला एक दगड निसटून अंगणात आदळला. त्यामागून दुसरा. मुलगा दाराकडे झेपावला आणि तोल जाऊन पालथा पडला. अंगात होता नव्हता तेवढा जीव गळ्यात आणून सासूबाई किंचाळल्या, "भूकंप! भूकंप! पळ, सूनबाई! बाळाला घेऊन पळ!"

आतून सूनबाईच्या खळखळून हसण्याचा आवाज आला.

"पुरे हं आई! आता नाही मी भीत!"