जाऊबाईंचा पुरावा

धाकटी जाऊ सकाळी पाठ धरून ओंडक्यासारखी पडून राहते आणि संध्याकाळी बॅडमिंटन खेळते. तिचं हे बिंग फोडायला थोरल्या जाऊबाई तिच्यासोबत थेट डॉक्टरांकडे गेल्या आणि गॅलरीतून लपून काढलेला व्हिडिओच त्यांनी समोर धरला. "बघा. सकाळी हिला साधी चादर झटकवत नाही, आणि इथे कशी उड्या मारतेय."

डॉक्टरांनी धाकटीच्या कोपरांवरचे सोरायसिसचे चट्टे पाहिले, एमआरआय पाहिला आणि व्हिडिओ दोनदा पाहिला.

"पुरावा चांगलाच आहे," ते म्हणाले.

जाऊबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"आजाराचा. सोरायसिससोबत येणारा संधिवात मणक्यात शिरला की असाच वागतो. पडून राहिलं की पाठ आखडते, हालचाल केली की मोकळी होते. औषध सुरू करू. खेळणं मात्र सोडायचं नाही."

कितीतरी महिन्यांनी धाकटी खदखदून हसली. "जाऊबाई, तो व्हिडिओ मला पाठवा ना."

"घरच्या ग्रुपवर आहे," जाऊबाई पुटपुटल्या. "कालच टाकलाय."

"मग बरंच झालं. आता त्याच्याखाली डॉक्टरांचं म्हणणं लिहा. मी सांगते, तुम्ही टाइप करा."