बिनबोभाट खातं

इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या त्या बँकेत सतरा माणसं होती. अकरा पुरुष, सहा बायका. इन्शिराहनं दोनदा मोजलं. ओळखीचं एकही नव्हतं. मग ती काउंटरपाशी गेली.

पिशवीत भिशीचे वीस हजार पाउंड होते. दहा बायकांची भिशी. या महिन्यात पाळी तिची. मुलीला, रीमला, नर्सिंगच्या शाळेत घालायचं तर हे पैसे सप्टेंबरपर्यंत टिकायला हवे होते. म्हणजे नवऱ्याला, रमझीला, त्यांचा सुगावा लागता कामा नये. मागचं खातंही तिनं असंच गुपचूप उघडलं होतं. बँकेनं तिच्या फोनवर मेसेज पाठवला. फोन नेमका रमझीच्या हातात होता. त्या संध्याकाळी पडलेले दोन दात तिनं अजून बसवले नव्हते.

काउंटरमागच्या टायवाल्या पोरानं तीन पत्रकं पुढे सरकवली. "यात व्याज जास्त. यात कार्ड फुकट. यात पैसे भरले की लगेच मेसेज."

"काहीच येत नाही असं द्या," इन्शिराह पुटपुटली. "मेसेज नको. घरी पत्र नको. कार्ड नको."

"आणि व्याज?"

"नसलं तरी चालेल."

पोरगा हसला. "मॅडम, सगळ्यालाच नको म्हणताय. नवराही असाच पसंत केला होता का?"

रांगेतले दोघेतिघे खिदळले. इन्शिराहनं तोंडावर हात धरला.

तेवढ्यात पाठीमागून खोकला ऐकू आला. सोळा वर्षं रोज पहाटे ऐकलेला खोकला. तिची सासू, हज्जा तफीदा, दारातून थेट काउंटरकडे येत होती. रमझीची आई. इन्शिराहनं पिशवी पोटाशी आवळली. पळायला वाट एकच होती, आणि त्याच वाटेनं सासू येत होती.

हज्जा शेजारी येऊन टेकली. तिनं पिशवीकडे पाहिलं. पत्रकांकडे पाहिलं. मग तिन्ही पत्रकं पोराकडे परत ढकलली.

"टवाळकी पुरे झाली तुझी. हिला ते जुनं पासबुकाचं खातं दे, माझ्यासारखं. नऊ वर्षं झाली, घरी चिटोरं आलेलं नाही."

इन्शिराह कुजबुजली. "हज्जा... रमझीला..."

"रमझीला काय? मी काय त्याला सांगून आले?" सासूनं आवाज खाली आणला. "आणि पासबुक गच्चीवर कोंबड्यांच्या खुराड्यात लपवू नकोस. तिथं माझं आहे."

सही करताना इन्शिराहचं लक्ष दाराकडे होतं. शेजारी हज्जा पैसे भरायची पावती लिहीत होती. तिचंही.

दोघी वेगवेगळ्या मायक्रोबसनं निघाल्या. हज्जा एक वाजून दहा मिनिटांनी घरात शिरली. इन्शिराह तिच्यामागून बावीस मिनिटांनी.