कड्याचा रंग

“ताई, तुमच्या हाताला त्रास नको, म्हणून तयार डोंगर आणलाय,” म्हणत क्लबातल्या खांबेट्यांनी प्लास्टिकचा डोंगर खेळाच्या टेबलावर ठेवला.

शरयूताईंनी तो बाजूला सारला. बोटभर सैनिक मांडून फाशांवर खेळायच्या या लढाईसाठी त्यांनी स्वतः थर्माकोलचा डोंगर केला होता, आणि अर्धांगवायूनंतर थरथरणाऱ्या हातानेच तो रंगवला होता. ब्रश जागोजाग घसरल्यामुळे कडा थेट सह्याद्रीसारखा भेगाळलेला दिसत होता.

“हे जमलं कसं?” खांबेटे वाकून बघत राहिले.

“सरळ रेघ भिंतीला लागते, कड्याला नाही.”

ताईंनी कड्यावर चिमुकली तोफ ठेवली. ती आडवी झाली. लगेच खांबेट्यांचा हात पुढे आला.

“मागे घ्या तो. पडेल तितक्यांदा उभी करीन. आणि फासे इकडे द्या. ते हलवायला माझ्यासारखा हात आहे का तुमच्यात कुणाचा?”